नाव नसलेल्यांचे फलक

महाराष्ट्रातल्या कुठल्याही आडवळणाच्या गावात शिरताना रस्त्याकडेला दोन प्रकारचे दगड भेटतात. पहिला बांधकाम खात्याचा. अंग पांढरे, डोके रंगीत. रस्ता राष्ट्रीय असेल तर डोके पिवळे, राज्याचा असेल तर हिरवे, खेड्यापुरता असेल तर केशरी. त्यावर पुढच्या गावाचे नाव आणि अंतराचा आकडा. दुसरा दगड तिथून फार लांब नसतो. पाराला टेकलेला, देवळाच्या मागच्या भिंतीशी पालथा पडलेला, किंवा वेशीबाहेर बाभळीखाली कंबरेपर्यंत मातीत गेलेला. त्याच्यावर शेंदराची पुटे चढलेली असतात आणि पुटांखाली माणसे, गाई, घोडे, तलवारी अस्पष्ट दिसत असतात. पहिल्या दगडाला अधूनमधून नवा रंग मिळतो, त्या रंगाचा हिशेबही कुठेतरी लिहिलेला असतो. दुसऱ्याची नोंद बहुधा कुठल्याच वहीत नसते. पण रस्त्याकडेचा इतिहासफलक म्हणावा असे काही आपल्या खेड्यांत पूर्वापार असेल, तर तो हा दुसरा दगडच आहे. तो वाचण्याची विद्या तेवढी आपण गमावून बसलो आहोत.

हा दगड म्हणजे वीरगळ. शब्द कानडी मुशीतला. वीर आणि कल्लु, म्हणजे वीराचा दगड. दगडाची मांडणी इतकी ठरलेली असते, की एकदा कळली की कोणत्याही गावी ती ओळखता येते. वाचन खालून वर करायचे. तळच्या चौकटीत लढाई असते, किंवा लढाईत पडलेला वीर आडवा दाखवलेला असतो. शेजारी गाई कोरलेल्या असतील तर गुरे पळवायला आलेल्यांशी झालेल्या झटापटीत तो गेला असे समजायचे. जुने वाङ्मय या प्रकाराला गोग्रहण म्हणते. गाय ही ज्या काळी चालती-बोलती संपत्ती होती, त्या काळी गावावर धाड येई ती बहुधा गुरांसाठीच. त्याच्या वरच्या चौकटीत दोन्ही बाजूंना अप्सरा असून त्या वीराला वर नेत असतात. त्याहून वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला असतो, कधी सोबत पुजारीही. माथ्यावर कलश आणि दोन्ही अंगांना सूर्य व चंद्र. ते दोघे आकाशात आहेत तोवर ही आठवण राहो, असा त्या सूर्यचंद्रांचा अर्थ. मरण, स्वर्गारोहण, सायुज्य आणि स्मृतीची मुदत, एवढे सगळे पुरुषभर उंचीच्या दगडात, एकही अक्षर न लिहिता सांगितलेले असते. अक्षरओळख नसलेल्या गुराख्यालाही वाचता यावा असा हा फलक होता, हे आम्हांला त्याचे फार मोठे वैशिष्ट्य वाटते. आजचे फलक लिहिणाऱ्यांना हे साधलेले नाही.

सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यात, चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या परिसरात किकली नावाचे गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळापाशी असे वीरगळ एकदोन नव्हेत, रांगेने आहेत. अलीकडे भटक्या मंडळींमध्ये त्याला 'वीरगळांचे गाव' असे म्हटले जाऊ लागले आहे, आणि ते खरेच आहे. एका लहानशा गावाच्या वाट्याला इतके वीरगळ यावेत याचा अर्थ काय, हा विचार त्या आवारात उभे राहिले की मनात आल्याशिवाय राहत नाही. आपण इतिहासाची पाने उलटतो तेव्हा लढाया ठिकाणांच्या नावांनी लक्षात राहतात. देवगिरी, तालिकोट, पानिपत. या आवारात मात्र लढाईला नाव नाही, साल नाही, जिंकणारा राजा नाही. गावातला एक माणूस मेला आणि गावाने दगड घडवून घेतला. मग दुसरा मेला. मग तिसरा. पिढ्यान्‌पिढ्या पाथरवटाला बोलावून, त्याची मजुरी मोजून, हे गाव आपल्या मेलेल्या माणसांची नोंद ठेवत राहिले. शिळा, हत्यारे आणि पाथरवटाचे कसब यांचा खर्च कोणी सोसला हे आपल्याला ठाऊक नाही; फुकट मात्र काहीच झाले नसणार.

आता अडचण पुढे येते. कर्नाटकात वीरगळांवर लेख असणे ही सामान्य गोष्ट आहे. कोणाचा मुलगा, कोणत्या राजाच्या राज्यात, कोणाशी लढताना पडला, हे तिथे दगडच सांगतो. महाराष्ट्रात लेख असलेले वीरगळ अपवादानेच सापडतात. एस. शेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेला स्मृतिशिळांवरचा ग्रंथ १९८२ साली धारवाडहून निघाला, त्यातून या शिळांच्या अभ्यासाला भारतभरची पार्श्वभूमी मिळाली. शैलीवरून शतक सांगता येते, शिल्पातल्या शस्त्रांवरून आणि वेषांवरून काही अंदाज बांधता येतो. पण किकलीच्या रांगेतला तिसरा दगड कोणाचा, या प्रश्नाला उत्तर नाही. ते यापुढे मिळेल असेही फारसे वाटत नाही.

हे उत्तर नसणे आपल्याला सोसत नाही. आमचे सगळे म्हणणे याच एका गोष्टीभोवती आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत खेड्यांतून इतिहासाविषयीचे कुतूहल वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. दर रविवारी किल्ल्यांवर जाऊन झाडझाडोरा काढणारी, बुजलेली टाकी उपसणारी तरुण मुले आता वाटेतल्या गावांतल्या वीरगळांकडेही वळली आहेत. उकिरड्यातून दगड बाहेर काढले जातात, धुतले जातात, चौथरा बांधून उभे केले जातात. या श्रमांविषयी आम्हांला आदरच आहे. मात्र चौथरा झाला की फलक येतो, आणि फलक आला की त्यावर काय लिहायचे हा प्रश्न उभा राहतो. 'येथे एक अज्ञात माणूस' असे लिहिण्यासाठी कोणी वर्गणी देत नाही. मग बाराव्या-तेराव्या शतकातल्या शैलीचा दगड 'शिवकालीन मावळ्याची समाधी' होतो. कुठे तो गावातल्या एखाद्या जुन्या घराण्याचा मूळपुरुष ठरतो. एका गावात दोन आडनावांनी एकाच दगडावर हक्क सांगितल्याचे आणि फलक त्या भांडणात अर्धवट रंगवून तसाच राहिल्याचे आम्ही पाहिले आहे. गावाचे नाव देण्यात अर्थ नाही. असे गाव ते एकटे नव्हे.

या फलकबाजीचा आदर्श शहरातून आलेला आहे. पुण्याच्या पेठांतून हिंडताना जुन्या घरांच्या भिंतींवर निळ्या पाट्या दिसतात. या वास्तूत अमुक थोर व्यक्ती राहत होती, असे त्या सांगतात. मूळ कल्पना लंडनची, तिथे ती १८६६ सालापासून चालू आहे. उपक्रम उत्तम आहे आणि त्या पाट्यांनी आम्हांलाही अनेकदा थबकवले आहे. परंतु निळ्या पाटीची पूर्वअटच अशी, की नाव ठाऊक हवे आणि नावाला मोठेपण हवे. किल्ल्यांच्या फलकांचेही तेच. २०२५ साली 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. तिथे येणाऱ्या प्रवाशांसाठी माहितीचे फलक हवेतच. पण हीच रीत उचलून वीरगळाशेजारी नेली, की ती तिथे बसत नाही. वीरगळ ज्याच्यासाठी उभा राहिला त्याच्यापाशी मोठेपण नव्हते. त्याच्यापाशी गाई होत्या, किंवा त्याही दुसऱ्याच्या असतील. त्याला राजाचा सरदार करणे म्हणजे जे त्याचे होते तेही काढून घेणे होय.

अभ्यासकांनाही या मोहातून पूर्ण सुटका नाही, हे न्यायासाठी नोंदवले पाहिजे. बोरिवलीतल्या एकसरचे वीरगळ घ्या. एकेकाळी साष्टीतले एक गाव असलेले एकसर आज मुंबईच्या वस्तीत विरघळले आहे. तिथे सहा वीरगळ आहेत, त्यांतले काही माणसाहून कितीतरी उंच, आणि त्यांच्यापैकी काहींवर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे. वल्ह्यांच्या ओळी असलेली जहाजे एकमेकांवर चालून जात आहेत. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्यांचे तपशीलवार वर्णन आले. पुढे अनेकांनी हे युद्ध उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातले, म्हणजे १२६५ सालच्या सुमाराचे मानले. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा उल्लेख हेमाद्रीच्या लेखनात आहे, त्याच्याशी हे चित्र जुळते. काहींना मात्र ही शिल्पे आणखी जुनी वाटतात. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद आहेत. पण सामान्य वाचकापुढे येताना त्या 'वाटते'चे 'आहे' होते आणि सहा दगड एका राजाच्या बुडण्याची चित्रकथा बनतात. सहा दगड म्हणजे निदान सहा मेलेली माणसे, हे त्या कथेत हरवते. वल्ही मारणारे तर त्याहून खाली.

मग फलक लावूच नयेत काय? तसे आमचे म्हणणे नाही. फलक हवेत, कारण दगड वाचण्याची विद्या गेल्यामुळे आज गावातली मुलेच त्याच्यावर बसून गप्पा मारतात. ते बसणे आम्हांला आक्षेपार्ह वाटत नाही, पण आपण कशावर बसलो आहोत हे त्यांना कळावे. फक्त फलकाने दगडापेक्षा जास्त बोलू नये. नमुना म्हणून एक मजकूर इथे देतो. कोणीही तो उचलावा, बदलावा.

'हा वीरगळ आहे. लढाईत मरण आलेल्या माणसाची आठवण म्हणून तो उभारला गेला. खालच्या चौकटीत गाई आहेत, म्हणून गुरे राखताना हा माणूस पडला असावा. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत आहे. दगडावर लेख नाही. त्याचे नाव, कूळ, जात आणि मरणाचे साल आज सांगता येत नाही. गावात या दगडाला पुढील नावाने ओळखतात.' आणि मग गावातले नाव, जे असेल ते. म्हसोबा असेल, वेताळ असेल, कोकणात चेडा असेल, नाहीतर नुसते 'दगडोबा'.

यातले 'सांगता येत नाही' हे वाक्य आम्ही जाणूनबुजून ठळक ठेवू. ते वाचून प्रवाशाचा विरस होईल ही भीती व्यर्थ आहे. शिवाय त्या वाक्यात 'जात' हा शब्द मुद्दाम घातला आहे. गुरे राखायला आणि वेशीवर उभे राहायला गावगाड्यात कोण पुढे असे, हे आपण सगळे जाणतो. वेशीची राखण हे ज्यांचे काम होते, त्यांची वस्ती वेशीबाहेर होती. वीरगळावरचा माणूस त्यांच्यातला असेल, धनगर असेल, कुणबी असेल, एखादा पाटीलही असेल. दगडाने ते सांगितलेले नाही. ज्या दगडाने सांगितले नाही त्याच्यावर एकाने नाव घालणे म्हणजे बाकीच्यांची शक्यता खोडणे होय, आणि ही खोडाखोड आपल्या खेड्यांत कोणाच्या बाजूने होते ते सांगायला नको.

वीरगळाच्या शेजारी पुष्कळदा दुसरी एक शिळा असते, आणि तिच्यापाशी आमच्या या साध्या सूत्राचीही परीक्षा होते. कोपरात वाकलेला, काकणांनी भरलेला एक उभा हात. ही सतीशिळा. पतीबरोबर जळालेल्या बाईची एवढीच निशाणी. चेहरासुद्धा पुष्कळदा नाही. थेऊरला माधवराव पेशव्यांच्या मागे १७७२ साली रमाबाई सती गेल्या, त्यांचे स्मारक लोक आवर्जून पाहतात, कारण तिथे नाव आहे, इतिहास आहे आणि मराठी वाचकाच्या मनात त्या जोडप्याविषयी हळवा कोपरा आहे. गावोगावच्या त्या अनाम हातांना हे भाग्य नाही. मुंबई इलाख्यात सती जाण्यास १८३० साली बंदी आली. राजस्थानातल्या देवराळ्याच्या घटनेनंतर १९८७ साली जो कायदा झाला, त्याने सतीचा गौरव करणे हाही गुन्हा ठरवला. तिच्या सन्मानासाठी मंदिर बांधणे, निधी जमवणे, मिरवणूक काढणे हे सारे त्यात येते. असे असताना सतीशिळेला नवा चौथरा बांधून 'पतिव्रता सतीमाता' असा सोनेरी अक्षरांचा फलक लावणे अजाणतेपणाचे तरी आहे, किंवा त्याहून वाईट. दुसऱ्या टोकाला काही सुधारणावादी मित्र म्हणतात की अशा शिळा उचलून संग्रहालयाच्या तळघरात टाकाव्यात. तेही आम्हांला पटत नाही. ती बाई स्वेच्छेने गेली की ढकलली गेली हे आज कळणे शक्य नाही, आणि वैधव्याच्या ज्या आयुष्याची तिला खात्री होती ते पाहता 'स्वेच्छा' या शब्दाला फारसा अर्थही उरत नाही. तिला गावातूनच नाहीसे केले तर गावाने काय केले होते याचा पुरावाही नाहीसा होतो. तिथला फलक असा असावा : 'या हाताची बाई तिच्या नवऱ्याच्या चितेवर जाळली गेली. तिचे नाव नोंदवलेले नाही.' 'जाळली गेली' या क्रियापदावर गावात वाद होईल. होऊ द्यावा. पाचशे-सातशे वर्षांनी का होईना, तिच्याविषयी कोणी वाद घातला असे होईल.

गधेगाळीची अडचण याच्या अगदी उलट आहे. तिथे दगड फारच स्पष्ट बोलतो. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर, आणि खाली गाढव व स्त्री यांचे असे शिल्प, की पाहणारा मान फिरवतो. दिलेली जमीन किंवा दिलेले उत्पन्न जो कोणी हिरावून घेईल त्याच्या आईला उद्देशून ही शिवी आहे. शिलाहारांच्या काळापासून कोकणात आणि घाटावर अशा शिळा उभ्या राहिल्या. गाव याविषयी संकोचते. कुठे शिल्पाचा भाग जमिनीत पुरून वरचे सूर्य-चंद्र तेवढे पूजेला ठेवतात, कुठे तेलकट रंगाचा जाड हात देऊन सगळेच सपाट करतात. शाळेची सहल आली की गुरुजी मुलांना दुसऱ्या बाजूने नेतात. गुरुजींची अडचण खरी आहे, आम्ही तिला हसत नाही. पण हा दगड म्हणजे त्या काळचा कायदा आहे आणि त्या कायद्याचा अखेरचा दंड काय, तर दुसऱ्याच्या आईची विटंबना. मालमत्तेच्या रक्षणासाठी पुरुष एकमेकांना ज्या भाषेत धमकावत होते, ती भाषा आज आपल्या रस्त्यांवर रोज ऐकू येते, आणि तिचे वय किती हे या शिळेइतके चोख कोणी सांगत नाही. आठवीच्या पुढच्या मुलांना हे समजावून सांगणारा शिक्षक मिळाला तर त्या दगडापाशी नागरिकशास्त्राचा तास चांगला होईल.

अलिबागजवळच्या अक्षी गावच्या शिलालेखाचा उल्लेख इथे अपरिहार्य आहे. शके ९३४, म्हणजे १०१२ सालचा हा लेख शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातला आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानंतर अनेक अभ्यासक त्याला मराठीतला सर्वांत जुना ज्ञात लेख मानू लागले. श्रवणबेळगोळचा मान अक्षीला द्यावा की नाही, हा तज्ज्ञांचा वाद आम्ही त्यांच्यावरच सोपवतो. आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळी आहे. ज्या भाषेला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तिचा असा मोलाचा दगड वर्षानुवर्षे एका समुद्रकाठच्या गावात रस्त्याच्या कडेला उभा होता आणि नागाव-रेवदंड्याकडे जाणारी पर्यटकांची वाहने त्याच्याजवळून धूळ उडवत जात होती. अलीकडे त्याची दखल घेतली गेली. दखल घेतली जाण्याआधीची ती वर्षे तो टिकला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. अशा शिळा एकतर कोणाच्या अडचणीत येत नाहीत म्हणून टिकतात, नाहीतर कोणीतरी त्यांना हळद-कुंकू वाहते म्हणून.

म्हणूनच शेंदराविषयी दोन शब्द. संवर्धनाची आवड असलेल्या शहरी मंडळींना शेंदूर म्हणजे अज्ञानाचा थर वाटतो. तो खरवडून, प्रसंगी आम्ल वापरून दगड 'स्वच्छ' करण्याचा उत्साह त्यांच्यात दिसतो. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतून पायी हिंडले, ते शेंदूर फासलेल्या दगडांनाच प्रश्न विचारीत. त्यांच्या १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात तिठ्यांवरच्या मातृदेवतांवर एक स्वतंत्र निबंध आहे. मेंढपाळांच्या हंगामी वाटा जिथे एकमेकींना भेटत, तिथे या देवता वसल्या, असा त्यांचा रोख. म्हणजे दगड कोणता यापेक्षा तो कुठे आहे, हेच कित्येकदा अधिक सांगून जाते. तो उचलून तालुक्याच्या गावी नेला की वाट, तिठा, पाणवठा यांच्याशी असलेले त्याचे नाते तुटते आणि मागे नुसते शिल्प उरते. पंढरीचा विठ्ठलसुद्धा मुळात गुरांसाठी लढलेल्या वीराचे स्मारक असावे, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला आहे. तो सर्वमान्य नाही, पण वीरगळाचा देव होऊ शकतो हे मानायला त्याची गरजही नाही. आपल्या गावच्या म्हसोबाकडे पाहावे. शेंदूर हा त्या दगडाच्या चरित्राचाच एक भाग आहे. तो काढायचा की नाही हे वाहणाऱ्यांनी ठरवावे, आणि काढायचाच तर जाणकाराच्या देखरेखीखाली. ऑइलपेंटला मात्र आमचा सरळ विरोध आहे. त्याने श्रद्धेचे काही साधत नाही आणि शिल्पाच्या रेषा बुजतात.

शेंदराने जेवढे नुकसान केले नाही तेवढे जीर्णोद्धाराने केले आहे. देणग्या जमतात, जुने दगडी देऊळ उतरवले जाते, सिमेंटचे शिखर आणि चकचकीत फरशी येते. आवारातले वीरगळ नव्या नकाशात बसत नाहीत. मग ते ट्रॅक्टरने ओढ्याकाठी नेऊन टाकले जातात, गटारावर आडवे पडतात, नाहीतर भरावात जातात. रस्ता रुंद होतो तेव्हाही असेच होते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने शिल्प पुरावस्तू ठरते, आणि १९५८ चा केंद्राचा व १९६० चा राज्याचा कायदा स्मारकांना संरक्षण देतो. पण ते संरक्षण यादीत असलेल्यांना. वेशीवरचा सुटा दगड कोणत्याच यादीत नसतो. खोदकाम करणाऱ्या यंत्राच्या चालकाने तो पाहिला, तर त्याने काम थांबवून कोणाला कळवायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याची रोजची मजुरी काम थांबल्यावर कोण देणार, हाही प्रश्न आहेच.

खात्याने प्रत्येक दगडामागे रखवालदार ठेवावा अशी बालिश मागणी आम्ही करणार नाही. हे काम ग्रामपंचायतीचे आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येणारे एकोणतीस विषय आहेत. एकविसावा सांस्कृतिक कार्याचा, एकोणतिसावा सामूहिक मालमत्तेच्या देखभालीचा. वीरगळ दोन्हींत बसतो. खर्च म्हणाल तर एका फलकाचा, आणि एका वहीचा. वहीत प्रत्येक दगडाचे छायाचित्र, उंची, तोंड कोणत्या दिशेला, कोणाच्या जमिनीलगत, गावातले नाव, वर्षातून केव्हा आणि कोण पुजते, एवढे लिहावे. शाळेतली मुले हे आठवडाभरात करतील, आणि म्हाताऱ्यांकडून माहिती काढण्याचे काम मोठ्यांपेक्षा अधिक चांगले करतील. पुढल्या खेपेला देवळाचा जीर्णोद्धार किंवा रस्त्याचे रुंदीकरण ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा ठरावाला ती यादी जोडावी आणि कोणता दगड किती फूट, कोणत्या बाजूला सरकणार हे काम सुरू होण्यापूर्वी त्याच सभेत लिहून घ्यावे.